लास वेगासमधील रात्रीची लिमोझिन फेरी: साठी ओलांडलेल्या माणसांना सोसेल का?

संत्रा_वरूड यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी वरूड तालुक्यातील एका लहान गावात राहतो. छत्तीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झालो आणि आता वडिलोपार्जित सात एकर संत्र्याची बाग सांभाळतो. मुलगी आणि जावई अमेरिकेत, कॅलिफोर्नियात असतात. मृग बहाराची संत्री मार्चमध्ये उतरली की एप्रिलमध्ये आम्ही उभयतांनी त्यांच्याकडे जावे असे ठरले आहे. त्याच महिन्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होतात. त्यानिमित्त जावईबापूंनी लास वेगासला दोन रात्रींचा मुक्काम आणि त्यांपैकी एका रात्री लिमोझिन नावाच्या लांबलचक गाडीतून तिथल्या प्रचंड हॉटेलांची फेरी, असा बेत आखला आहे.

त्यांनी तो अतिशय प्रेमाने आखला आहे, म्हणून नाही म्हणवत नाही. लग्नात सौ. दमणीतून आमच्या गावी आली, तेव्हा तिच्या वडिलांनी उसनवार करून चांगली बैलजोडी आणली होती. ही हकिकत मुलीने लहानपणापासून ऐकलेली असल्यामुळे, आईला एकदा थाटाच्या गाडीत बसवावे असे तिच्या मनात आहे. माझ्या मनात मात्र काही शंका आहेत. सौ.चे दोन्ही गुडघे दुखतात. जिना उतरताना तिला कठडा लागतो. अशा गाडीत तिला चढता-उतरता येईल का? गाडीत बसून हॉटेले खरोखर दिसतात का, की उतरावे लागते, आणि उतरायचे तर कुठे? आमच्याकडे हॉटेल म्हणजे बसस्थानकाजवळ चहा-नाश्ता मिळण्याची जागा, त्यामुळे हॉटेल पाहायला जायचे म्हणजे त्यात नेमके काय पाहायचे, हेही मला कळून घ्यायचे आहे. ज्यांनी ही फेरी केली असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पुसदहून_फिनिक्स

काका, नमस्कार. मी मूळचा पुसदचा. गेली अकरा वर्षे ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात राहतो. इथून लास वेगास रस्त्याने साधारण ४८० किलोमीटर, म्हणजे पाच तासांवर आहे, आणि गावाकडून कोणी आले की त्यांना तिथे नेणे हे माझ्याकडे ठरलेलेच काम असते. त्यांपैकी दोनदा मी लिमोझिन ठरवली होती. त्या अनुभवावरून सांगतो की गाडीत बसण्याची हौस अवश्य पुरवून घ्या, परंतु हॉटेले त्या गाडीतून दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका.

याचे कारण गाडीच्या घडणीतच आहे. मूळची मोटार मधोमध कापून, दोन तुकड्यांच्या मध्ये नवा सांगाडा जोडून ती लांबवलेली असते. लांबी वाढते, पण छत तेवढेच ठेंगणे राहते. आतले मोठे बाक बहुधा गाडीच्या एका कडेने लांबपर्यंत गेलेले असते, त्यामुळे माणूस प्रवासाच्या दिशेला आडवा बसतो आणि समोरच्या काळ्या काचेतून त्याला रस्त्याची एकच बाजू, तीही डोक्याच्या उंचीपर्यंतच दिसते. तीस-तीस, चाळीस-चाळीस मजल्यांच्या त्या इमारतींचे पायथे तेवढे दिसतात. माझ्या मामांना मी पहिल्यांदा नेले, तेव्हा त्यांनी अर्धा वेळ मान खाली वाकवून काचेतून वर पाहण्यात घालवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मान अवघडली.

ही हॉटेले ज्या रस्त्यावर आहेत त्याला सगळे ‘स्ट्रिप’ म्हणतात. लास वेगास बुलेव्हार्ड या मोठ्या रस्त्याचा हा सुमारे पावणेसात किलोमीटरचा पट्टा आहे. १९४१ साली ‘एल रांचो वेगास’ हे पहिले मोठे हॉटेल तिथे, उघड्या वाळवंटात, महामार्गाच्या कडेला उभे राहिले आणि १९४६ च्या डिसेंबरात ‘फ्लेमिंगो’ सुरू झाले. यातील बहुतेक हॉटेले लास वेगास शहराच्या हद्दीत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शहराने हद्दवाढ करून त्यांच्यावर कर बसवू नये, म्हणून १९५० साली मालकांनी क्लार्क कौंटीकडून, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडून, ‘पॅराडाइज’ नावाची स्वतंत्र वस्ती जाहीर करून घेतली. आपल्याकडे नगरपालिकेच्या हद्दवाढीला शेजारची गावे विरोध करतात, त्याच जातीचा हा प्रकार होता.

आता फेरी कशी आखावी ते सांगतो. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना तुमची गाडी पूर्वेकडील हॉटेलांना लागून जाईल. एमजीएम ग्रँड, पॅरिस, फ्लेमिंगो, व्हेनिशियन आणि विन ही त्या रांगेत येतात. परतताना पश्चिमेकडील रांग जवळ येईल: सीझर्स पॅलेस, बेलाजिओ, न्यूयॉर्क-न्यूयॉर्क, एक्सकॅलिबर आणि लक्सॉर. म्हणून चालकाला आरंभीच सांगावे की एकदा वर आणि एकदा खाली अशी पूर्ण फेरी हवी आहे. ‘वेलकम टू फॅब्युलस लास वेगास’ हा प्रसिद्ध फलक रस्त्याच्या दक्षिण टोकाला, दुभाजकात आहे. बेटी विलिस या कलावंत स्त्रीने तो रेखाटला आणि १९५९ साली तो उभा राहिला. तिथल्या वाहनतळात दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांनाच शिरता येते. त्यामुळे फलक परतीच्या वाटेवर, सर्वांत शेवटी घ्यावा. उगाच सुरुवातीला तिथे जाण्यासाठी वळसा घालू नये.

उतरण्यासाठी मी दोनच हॉटेले सुचवेन. जाताना व्हेनिशियन आणि येताना बेलाजिओ.

व्हेनिशियन १९९९ साली सुरू झाले. शेजारच्या पॅलाझोसह त्यात ७,००० हून अधिक खोल्या आहेत. एका खोलीत दोनच माणसे धरली तरी तुमच्या गावासारखी तीन-चार गावे त्यात झोपतील. इटलीतील व्हेनिस शहराच्या धर्तीवर इमारतीच्या आत कालवा काढला आहे, त्यात गोंडोला नावाच्या नावा चालतात आणि वरचे छत संध्याकाळच्या आभाळासारखे रंगवले आहे. एका इमारतीच्या आत बाजारपेठ, पाणी, पूल आणि आभाळ कसे बसवले असेल, हे पाहणे म्हणजे तिथले ‘हॉटेल पाहणे’. झोपण्याच्या खोल्या कोणी पाहत नाही.

बेलाजिओ १९९८ चे. त्याच्यापुढे सुमारे साडेआठ एकरांचे तळे असून त्यात १,२०० हून अधिक कारंजी बसवलेली आहेत. संगीताच्या तालावर ती उडतात आणि काही झोत ४६० फुटांपर्यंत चढतात. हे पाहायला पैसे पडत नाहीत, आणि रात्री साधारण दर पंधरा मिनिटांनी, मध्यरात्रीपर्यंत, ते चालते. एक खेळ पाहून लगेच निघू नका. प्रत्येक वेळी गाणे निराळे असते, म्हणून पाण्याची चालही निराळी असते. आत प्रवेशद्वाराजवळच्या दालनात छताला डेल चिहुली या काचकलावंताने घडवलेली सुमारे २,००० काचेची फुले लावलेली आहेत आणि त्यापलीकडे ऋतूप्रमाणे मांडणी बदलणारी फुलांची बाग आहे. काकूंना ती बाग निश्चित आवडेल.

शुक्रवार आणि शनिवार टाळावेत. त्या रात्री हा रस्ता इतका तुंबतो की तासाप्रमाणे भाडे देऊन माणूस एकाच चौकात बसून राहतो. भाडे ठरवताना किमान किती तासांचे आहे ते विचारावे आणि चालकाची बक्षिसी, जी तिथे पंधरा ते वीस टक्के देण्याची रीत आहे, त्यात धरली आहे की वेगळी, हेही आधी विचारून घ्यावे.

आर्वीची_लेक

काका, काकूंच्या गुडघ्यांबद्दल वाचले आणि लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मी माझ्या सासूबाईंना घेऊन हीच फेरी केली आणि त्या रात्री त्यांना झालेला त्रास मी विसरलेले नाही.

लांब लिमोझिनचे दार मागच्या बाजूला असते. दारातून आत शिरायचे, मग छत डोक्याला लागू नये म्हणून वाकून, बाकावरून घसरत घसरत पुढे सरकायचे. ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांना यात काही वाटत नाही. सासूबाईंना मात्र प्रत्येक उतरण्याला दोघांनी दोन्ही हात धरून बाहेर ओढून घ्यावे लागले आणि तिसऱ्या ठिकाणी त्या म्हणाल्या, “तुम्ही पाहून या, मी इथेच बसते.” ज्यांच्यासाठी फेरी ठरवली त्या स्वतःच गाडीत बसून राहिल्या. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की जावईबापूंना सांगून उंच छताची मोठी व्हॅन किंवा उंच एसयूव्ही ठरवावी. अनेक लिमोझिन कंपन्यांकडे अशा गाड्या असतात, चालक तितक्याच अदबीने दार उघडतो, आसने समोर तोंड करून असतात आणि काचाही मोठ्या असतात. पायरी उंच असल्यास चढण्यासाठी लहान स्टूल ठेवायला सांगावे.

आम्ही ज्या कंपनीची गाडी घेतली होती तिचे नाव लिहीत नाही. चित्रात दाखवलेली गाडी आली नाही. जुनी आली, ती चाळीस मिनिटे उशिरा आली आणि आत आसनांचे दोन सुरक्षा-पट्टे तुटलेले होते. पट्ट्यांचा आग्रह मी मुद्दाम धरते आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्यात एका लांब लिमोझिनला झालेल्या अपघातात २० माणसे गेली, आणि कापून लांबवलेल्या गाड्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यानंतर तिथे फार गंभीरपणे चर्चिला गेला. लास वेगास ज्यात आहे त्या नेवाडा राज्यात लिमोझिन कंपनीला राज्याच्या वाहतूक प्राधिकरणाचा परवाना लागतो. तो आहे का, गाडी कोणत्या वर्षाची आहे आणि सर्व आसनांना पट्टे आहेत का, हे तिन्ही लेखी मागून घ्यावे.

आणखी एक गोष्ट सांगते. गाडी हॉटेलच्या पोर्चमध्ये सोडते, पण तिथून कालवा किंवा बाग येईपर्यंत बरेच चालावे लागते, आणि वाट जवळजवळ नेहमीच जुगाराच्या दालनातून जाते. बहुतेक दालनांत धूम्रपानाला परवानगी असल्याने खोकल्याचा त्रास असलेल्यांनी तोंडावर रुमाल धरावा. काकूंना चाकाची खुर्ची वापरायला संकोच वाटेल. आमच्याकडेही वाटला होता. तिथे मात्र धडधाकट दिसणारी माणसेही खुर्ची घेऊन फिरताना दिसतात आणि कोणी वळूनही पाहत नाही, म्हणून हॉटेलात पोहोचल्या दिवशीच ती मिळवून ठेवा. एप्रिलच्या रात्री वारा सुटतो, तेव्हा शाल सोबत असावी. हवा आपल्या वैशाखापेक्षाही कोरडी असते. तहान लागली नाही तरी पाणी पीत राहावे.

दारव्हा_वीजवाले

गुरुजी, नमस्कार. मी सारा जन्म विजेच्या कामात काढला. मुलाकडे गेलो असताना ही हॉटेले पाहिली, म्हणून त्यांच्या उजेडाबद्दल चार गोष्टी लिहितो. वर पुसदच्या भाऊंनी जे लिहिले आहे ते पुन्हा लिहीत नाही.

परतीच्या वाटेवर लक्सॉर नावाचे काळ्या काचेचे पिरॅमिड लागेल. ते १९९३ साली बांधले. ३० मजले, उंची ३५० फूट. भिंती तिरप्या असल्यामुळे आतल्या लिफ्टही सरळ वर जात नाहीत, तर ३९ अंशांच्या कोनात तिरप्या चढतात. त्याच्या टोकातून आभाळात एक प्रकाशझोत सोडलेला असतो. त्यासाठी ७,००० वॅटचे ३९ झेनॉन दिवे बसवलेले आहेत. मी तिथे उभ्या उभ्या हिशेब केला. सर्व दिवे लावले तर २७३ किलोवॅट होतात, म्हणजे आपल्याकडचे पाच अश्वशक्तीचे सत्तरहून अधिक कृषिपंप एका वेळी चालतील. रात्रपाळीच्या विजेसाठी दोन वाजता उठून वावरात जाणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली असल्यामुळे, तो झोत पाहताना मला बराच वेळ काही बोलवले नाही. तरीही तो पाहण्यासारखा आहे, आणि गाडीतून दिसत नाही. लक्सॉरच्या अलीकडे एखाद्या पोर्चमध्ये गाडी थांबवून खाली उतरून पाहावा.

झोतात चमकणारे ठिपके दिसले तर ते किडे आणि त्यांच्या मागे आलेली वटवाघळे असतात. २०१९ च्या जुलैमध्ये, त्या वर्षीचा हिवाळा आणि वसंत ओला गेल्यामुळे, लाखो नाकतोडे या शहरावर उतरले होते आणि उजेडाभोवती ढगासारखे फिरत होते. आपण कपाशीत आणि तुरीत प्रकाश सापळा लावतो. त्यामागचे तत्त्व तेच आहे, फक्त इथे सारे शहरच सापळा झाले होते.

पॅरिस हॉटेलच्या उत्तरेला लागूनच आज ‘हॉर्सशू’ नावाचे हॉटेल आहे. मूळचे एमजीएम ग्रँड ते हेच. २१ नोव्हेंबर १९८० रोजी तिथल्या एका उपाहारगृहात विजेच्या जोडणीतील दोषामुळे आग लागली आणि ८५ माणसे दगावली. त्यांतील पुष्कळ जण वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरले. त्यानंतर नेवाडाने उंच इमारतींत आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा सक्तीची केली, आणि ती जुन्या इमारतींनाही लावली. सौ. वहिनींना इतक्या उंच इमारतीत झोपायची भीती वाटत असेल तर त्यांना हे सांगावे, कारण तिथली आजची व्यवस्था त्या धड्यातून आलेली आहे.

व्हेनिशियनच्या मागे, पूर्वेला, स्फिअर हा भलामोठा गोल आहे. तो हॉटेल नाही, प्रेक्षागृह आहे. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झाला, उंची ३६६ फूट आणि रुंदी ५१६ फूट. त्याचे सबंध बाह्यांग एलईडी दिव्यांचा पडदा आहे आणि त्यावर चित्रे हलत असतात. हा मात्र गाडीतूनही चांगला दिसतो.

घाटंजी_कापूस

गुरुजी, आपण वयाने आणि मानाने मोठे आहात, म्हणून विचारताना संकोच वाटतो. ज्या गावाचा सारा डोलारा जुगारावर उभा आहे, तिथे आपल्यासारख्या शिक्षकाने लग्नाचा चाळिसावा वाढदिवस का साजरा करावा? पत्त्यांच्या क्लबात जमीन घालवलेली दोन घरे माझ्या गावात आहेत. लेकराबाळांनी परदेशात राबून मिळवलेला पैसा तिथल्या दिवाबत्तीला कशाला द्यायचा? ग्रँड कॅन्यनसारखे निसर्गाचे स्थळ पाहावे, असे मला मनापासून वाटते.

संत्रा_वरूड

घाटंजीच्या भाऊंचा प्रश्न मला लागला, पण तो योग्य आहे. आमच्या घरी दिवाळीलाही पत्ते खेळत नाहीत, तेव्हा जुगाराच्या टेबलाशी उभे राहण्याचा प्रश्नच येत नाही. ग्रँड कॅन्यन बेतात आहेच. तरी एवढे प्रचंड बांधकाम माणसाने वाळवंटात का आणि कसे केले, हे डोळ्यांनी पाहावे असे मला वाटते. शाळेत भूगोल शिकवला आहे. त्या ओढीने जातो आहे.

मला खरी अडचण पाण्याची वाटते. माझी बोअर नऊशे फुटांवर आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकरच्या पाण्यावर मी झाडे जगवतो. तिथे मात्र साडेआठ एकरांवर पाणी नाचते म्हणता. हे पाणी येते कुठून? ते कळल्याशिवाय मला त्या कठड्यापाशी मोकळ्या मनाने उभे राहता येणार नाही.

पुसदहून_फिनिक्स

काका, हाच प्रश्न माझ्या वडिलांनी तिथे उभे राहून विचारला होता, तेव्हापासून मी त्याची माहिती करून घेतली आहे.

लास वेगासला वर्षाला साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे श्रावणातल्या एखाद्या झडीत तेवढा पडून जातो. शहराचे सुमारे नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीवरील हूवर धरणाच्या जलाशयातून, म्हणजे लेक मीडमधून येते. हे धरण १९३० च्या दशकात बांधले गेले. १९३१ साली त्याचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी नेवाडाने जुगार कायदेशीर केला, म्हणून या शहराची वाढ या दोन्ही गोष्टींशी जोडलेली आहे. जलाशय आटत चालला आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात, तो पहिल्यांदा भरला गेल्यानंतरची सर्वांत खालची पातळी त्याने गाठली होती.

मात्र हॉटेलांच्या खोल्यांत, स्नानगृहांत आणि स्वयंपाकघरांत वापरलेले जवळजवळ सर्व पाणी शुद्ध करून पुन्हा लेक मीडमध्ये सोडले जाते, आणि जेवढे परत जाईल तेवढे त्यांना आपल्या वाट्याबाहेर पुन्हा उचलता येते. म्हणजे ७,००० खोल्यांच्या नळांपेक्षा घराबाहेरच्या हिरवळीवर फवारलेले पाणी तिथे अधिक महाग पडते, कारण ते बाष्प होऊन जाते आणि परत येत नाही. म्हणूनच २०२१ साली नेवाडाने कायदा करून, रस्त्यांच्या कडेला आणि कार्यालयांपुढे केवळ शोभेसाठी लावलेले गवत काढून टाकायला सांगितले.

बेलाजिओचे तळे लेक मीडवर चालत नाही. त्या जागी पूर्वी ‘ड्यून्स’ नावाचे हॉटेल आणि त्याचे गोल्फ मैदान होते. मैदानासाठी खणलेल्या जुन्या विहिरीचे पाणी आज तळ्याला पुरवले जाते, आणि पूर्वी त्या गवताला लागत होते त्यापेक्षा ते कमी लागते. पाणी जमिनीतलेच आहे, हे मी झाकून ठेवत नाही. पण कारंज्याचे पाणी पुनःपुन्हा त्याच तळ्यात पडते, उणे होते ते बाष्पीभवनाने. यावर आपले मत आपण तिथे उभे राहूनच ठरवावे.

घाटंजीच्या दादांना एवढेच सांगतो की ही हॉटेले हजारो कष्टकऱ्यांचेही गाव आहेत. खोल्या साफ करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या सुमारे ६०,००० कामगारांची तिथे एक जुनी संघटना आहे. १९९१ साली ‘फ्रंटियर’ नावाच्या हॉटेलातील ५५० कामगार संपावर गेले. तो संप सहा वर्षांहून अधिक चालला आणि १९९८ साली ते जिंकले, तोवर त्यांतील एकही जण फुटून कामावर गेला नव्हता. विन हॉटेलच्या समोर, रस्त्याच्या पश्चिमेला, एक मोठा अंधारा मोकळा भूखंड लागेल. फ्रंटियर तिथे होते. २००७ साली ते पाडले. झगमगाटाच्या मधोमध ती जागा काळी दिसते, म्हणून मी प्रत्येक पाहुण्याला ती दाखवतो.

घाटंजी_कापूस

संपाची माहिती मला नव्हती. सहा वर्षे आणि एकही फुटला नाही, हे वाचून मन भरून आले. जुगाराबद्दलचे माझे मत तेच आहे. मात्र गुरुजींनी तो भूखंड पाहून यावा आणि आल्यावर लिहावे.

संत्रा_वरूड

आम्ही परत आलो, बागेला पाणीही देऊन झाले; आता आपणा सर्वांना कळवतो.

आर्वीच्या ताईंचे म्हणणे जावईबापूंना वाचून दाखवले. त्यांनी लांब लिमोझिन रद्द करून त्याच कंपनीची उंच छताची काळी व्हॅन तीन तासांसाठी घेतली. मुलगी थोडी हिरमुसली होती. चालक मात्र टाय लावून आला, त्याने सौ.साठी पायरीखाली लाकडी स्टूल ठेवले आणि हात पुढे केला. ती कठड्याशिवाय चढली तेव्हा मुलीच्या मनातली रुखरुख गेली. मंगळवार असल्याने गर्दी बेताची होती.

व्हेनिशियनमध्ये चाकाच्या खुर्चीचा संकोच पहिल्या दहा मिनिटांतच गेला, कारण अंतर खरोखरच फार आहे. रंगवलेल्या आभाळाखाली सौ.ने मला दोनदा वेळ विचारली. बाहेर रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि आत दिवेलागणीची वेळ वाटत होती. बाहेर पडेपर्यंत तिथे तीच वेळ राहिली. कालव्याच्या पुलावर एक वयस्क बाई फरशी पुसत होत्या आणि त्यांच्या गुडघ्याला सौ.सारखाच पट्टा होता. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सौ.ने आपल्या पट्ट्यावर हात ठेवला, त्यांनी त्यांच्या पट्ट्यावर ठेवला आणि हिने पिशवीतल्या संत्रा गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. त्या संघटनेत असतील का, असे मला विचारायचे होते. मुलगी म्हणाली, कामावर असताना विचारणे बरे नव्हे.

घाटंजीच्या भाऊ, तो भूखंड पाहिला. चालकाला सांगताच त्याने गाडी हळू केली. दोन्हीकडे इतका उजेड आहे की डोळ्यांना ती जागा खळ्यातल्या अंधारासारखी वाटते.

बेलाजिओच्या कठड्यावर आम्ही चार खेळ पाहिले. पहिल्या खेळात मी पाणी पाहिलेच नाही. किती उडाले, किती वाऱ्याने कठड्याबाहेर आमच्या अंगावर आले, हेच मोजत राहिलो. दुसऱ्या खेळात सर्वांत उंच झोत तोफेसारखा आवाज करून वर गेला आणि सौ.ने माझा दंड धरला. त्यानंतर मी मोजले नाही. पाण्याबद्दलचे माझे मत अजून पुरते ठरलेले नाही. एवढे मात्र ठरवले आहे की घरच्या मोरीचे आणि न्हाणीचे पाणी, जे आजवर गटारात जात होते, ते शोषखड्ड्यात सोडायचे. जागा आखून झाली आहे आणि मिरगाच्या आत खड्डा पुरा करायचा आहे.

लक्सॉरचा झोत वीजवाल्या दादांनी सांगितला तसाच उतरून पाहिला. ठिपके होते, पण थोडे. फलकापाशी रांग होती. तिथे एक पांढरी लांब लिमोझिन उभी होती आणि तिच्यातून दहा-बारा तरुण मुले-मुली वाकून, हसत हसत बाहेर पडत होती. सौ. ती गाडी एकीकडून दुसरीकडे चालत जाऊन पाहून आली आणि म्हणाली की दमणीतही आपल्याला असेच आडवे बसवले होते.

पुढे जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी नोंदवतो. कारंज्याच्या कठड्यापाशी आम्हाला बसायला जागा मिळाली नाही, आणि खुर्ची व्हेनिशियनलाच परत केली होती, त्यामुळे सौ.ला तासभर उभे राहावे लागले. घडीचे हलके स्टूल सोबत न्यावे. कठड्याच्या अगदी मधल्या भागी गर्दी दाटते, तेव्हा दक्षिणेच्या कोपऱ्यात उभे राहावे. तिथून तळेही पुरते दिसते आणि समोरचा पॅरिस हॉटेलचा मनोराही.